फुटाण्याच्या पुडीतली गोष्ट

“थांब, देव्या! ती पुडी फेकू नको!”

जमनी इतक्या जोरात ओरडली की हत्तीगोट्यावर बसलेले दोन बगळे उडून गेले, आणि देवसिंगच्या हातातले उरलेसुरले फुटाणे नाल्याच्या पाण्यात सांडले.

“माह्ये फुटाणे!” देवसिंग कळवळला. “एका कागदापायी सांडवले न तू!”

“कागद नाही तो. गोष्ट आहे त्याच्यावर. दे इकडं!”

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या मे महिन्यातली ही हकीकत. घाटंजीपासून दोन कोसांवर मोहाडा नावाचं गाव होतं आणि गावाला लागूनच, नाल्याच्या पलीकडे, बंजाऱ्यांचा तांडा होता. तांड्यातून शाळेत जाणारी मुलं दोनच. एक बारा वर्षांची जमनी आणि दुसरा तिच्या काकांचा मुलगा देवसिंग, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्या जोडीला तिसरी शकू. ती गावातली, सरपंचांची मुलगी, जमनीच्याच बाकावर बसणारी. सुट्टी लागली की या तिघांची दुपार नाल्याच्या वळणावर जायची. तिथे मे महिन्यातही कमरेइतकं पाणी असे, आणि पाण्याच्या काठाला हत्तीच्या पाठीसारखा एक मोठा काळा दगड. त्यालाच सगळे हत्तीगोटा म्हणत.

जमनीला एक खोड होती. छापलेलं अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय तिला पुढे जाता येत नसे. साबणाच्या वडीवरचा कागद, एस.टी.च्या थांब्यावरचं वेळापत्रक, सरकीच्या पोत्यावरचा शिक्का, सगळं तिचं पाठ होतं. शाळेची नवी पुस्तकं जूनमध्ये हातात पडत आणि आठ दिवसांत वाचून संपत. मग वर्षभर तीच ती. मोहाड्यात याहून जास्त वाचायला काही नव्हतंच. निदान त्या दुपारपर्यंत तिला तसंच वाटत होतं.

तिनं चुरगळलेला कागद मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

“‘सोमा मोहाच्या पोकळ खोडात शिरला आणि त्याने श्वास रोखला. समोर हत्तीच्या पाठीसारखा काळाभोर दगड होता. त्या दगडावर वाघीण येऊन बसली. तिच्या मागून दोन पिल्ले आली. एक पिल्लू उड्या मारीत थेट मोहाच्या झाडाकडे निघाले. वाघीण उठली. सोमा एकटा होता. त्याने हळूच...’”

जमनी थांबली.

“हळूच काय?” शकूनं विचारलं.

“संपलं. पान संपलं.”

“असं कसं संपलं? हळूच काय केलं त्यानं? वाघिणीनं खाल्लं का त्याले?” देवसिंग फुटाणे विसरून जवळ सरकला.

“मले का माहीत? पुढचं पान पाह्यजे न!”

शकू मात्र भलतीकडेच पाहत होती. आधी दगडाकडे, मग नाल्याच्या काठावरच्या जुन्या, आतून पोकळ झालेल्या मोहाच्या झाडाकडे.

“जमने,” ती हळू आवाजात म्हणाली, “हत्तीच्या पाठीसारखा काळा दगड... समोर पोकळ मोह... अवं, हे तं आपलंच ठिकाण आहे!”

तिघांच्याही अंगावर काटा आला. आजवर पुस्तकात समुद्र येत, राजवाडे येत, बर्फाचे डोंगर येत. पुस्तकात कधी मोहाडा आला नव्हता! कोणीतरी या दगडापाशी उभं राहून गेलं होतं आणि त्यानं ते छापून ठेवलं होतं.

जमनीनं कागद उलटा केला. मागच्या बाजूला आधीचाच मजकूर होता आणि त्यावर, तेलाच्या डागाखाली, जांभळ्या शाईचा गोल शिक्का. तिनं एकेक अक्षर जुळवलं.

“बाल... वाचनालय... ग्रामपंचायत... मोहाडा!”

“आपल्या गावात वाचनालय आहे?” देवसिंगचे डोळे विस्फारले. “कुठी?”

भगवानराव ग्रामसेवक पंचायतीच्या ओसरीवर खुर्ची टाकून पंख्यानं वारा घेत बसले होते. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, गप्पिष्ट, भेटेल त्याला पानसुपारी देणारा. फक्त कुठलंही काम आज करायचं म्हटलं की त्यांना जांभई येई.

“काका, आपल्या गावात बाल वाचनालय हाये?” जमनीनं विचारलं.

“आहे म्हणजे काय!” भगवानराव ऐटीत म्हणाले. “दोन वर्षं झाली पेटी येऊन. मागच्या साली साहेब पाहून गेले, शाबासकी देऊन गेले!”

“मंग आमाले पुस्तकं देता?”

भगवानरावांचा पंखा क्षणभर थांबला. “आता? आता शाळेले सुट्टी लागली न बाप्पा! तशी पुस्तकाइलेही सुट्टी! जूनमध्ये या. चला, पळा. मले जेवाले जायचं आहे.” त्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली जानव्यात अडकवली आणि ते चपला फटफटवत निघून गेले.

“पुस्तकाइले सुट्टी!” शकू फणकारली. “असं कधी ऐकलंत?”

पंचायतीच्या मागच्या खिडकीचा एक गज गेल्या पावसाळ्यापासून निखळलेला होता. देवसिंगचं अंग काटकुळं. तो हां हां म्हणता आत शिरला. मुली खिडकीला कान लावून उभ्या राहिल्या.

“पेटी सापडली!” आतून आवाज आला. “लाकडाची हाये! वर लिवलं हाये, बाल वाचनालय!”

“उघड न मंग!”

कड्या खडखडल्या.

“देव्या, काय आहे त्याच्यात?”

“आंबे.”

“काय?”

“आंबे हाये! गवतात घालून ठेवले! मस्त पिकून राह्यले! जमने, एक घेऊ का?”

“हात नको लावू!” दोघी एकदम म्हणाल्या. “पुस्तकं कुठी हायेत ते पाहा!”

“पुस्तक तं एकही नाही. तळाशी एक वही हाये फक्त.”

वही खिडकीतून बाहेर आली. कापडी पाठीची, लांबट. वर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘वाचक नोंदवही’. जमनीनं पहिलं पान उघडलं आणि तिचे ओठ उघडेच राहिले.

“शकू, हे पाह्य. ‘जमनी किसनसिंग. वाचलेली पुस्तके बारा. सर्व परत आली. अभिप्राय, फार आवडली.’ खाली सहीही आहे!”

“माही पाह्य! मी सोळा वाचली!” शकूनं बोट ठेवलं. “सरपंचाची पोट्टी म्हणून वाढवून देल्ली वाटते.”

“आन मी?” देवसिंग खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत होता.

“तू वीस!”

“वीस!” देवसिंगची छाती फुगली. “पाह्य, तुमच्याहून जास्त! मास्तर मले उगीच मठ्ठ म्हणते!”

शकू पोट धरून हसायला लागली. जमनीला मात्र हसू आलं नाही. बारा पुस्तकं. कुणीतरी तिच्या नावानं बारा पुस्तकं मांडली होती, आणि तिच्या वाट्याला त्यातली एक ओळही आली नव्हती. दोन वर्षं ती रोज याच भिंतीजवळून शाळेत गेली होती.

“वही जागच्या जागी ठेव, देव्या,” ती म्हणाली. “पुस्तकं कुठी गेली, ते आपल्याले माहीत आहे. बा नं फुटाणे घाटंजीच्या बाजारातून आणलते.”

पुढच्या बाजाराला पाच दिवस होते. ते पाच दिवस तिघांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. देवसिंगनं सोमाच्या सुटकेचे अकरा प्रकार शोधून काढले. त्यातल्या नऊ प्रकारांत वाघीण मरत होती. शकूला ते पटत नव्हतं, कारण पिल्लांचं मग कोण करणार?

बाजाराच्या दिवशी जमनीचे वडील किसनसिंग बैलांना नवे दोर घ्यायला गाडी जुंपून निघाले, तेव्हा मागे तिघं आधीच चढून बसली होती. त्या वेळी घाटंजीच्या बाजाराला जाणं म्हणजे सणच असे. रस्त्यानं गाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज, पुढच्या गाडीतल्या कैऱ्यांचा वास. एरवी जमनीनं सगळं डोळे भरून पाहिलं असतं. आज तिला कधी एकदा गाडी थांबते असं झालं होतं.

फुटाणेवाल्या हंसाबाईचं दुकान लिंबाच्या झाडाखाली होतं. दुकान म्हणजे एक पोतं, त्यावर फुटाण्यांचा आणि शेंगदाण्यांचा ढीग. आणि हंसाबाईच्या गुडघ्याशी, विटेखाली दाबून ठेवलेली पुस्तकं! लाल पाठीची, निळ्या पाठीची, चित्रांची. मुलं पोचली तेव्हाच हंसाबाईनं एक पान टर्रकन फाडलं, त्याचा शंकू वळला आणि त्यात फुटाणे ओतले.

जमनीला वाटलं, आपल्याच अंगावरचं काहीतरी फाटलं.

“मावशी, थांबा! नका फाडू!”

“काहून व माय?” हंसाबाई चकित झाली. “मोहाड्याच्या पंचायतीच्या बाबूनंच देल्ला हा गठ्ठा. जागा अडून राह्यली म्हणे, घेऊन जा. मले का वाचता येते? माह्यासाठी कागद तो कागद.”

“मावशी, आमची पुस्तकं हायेत ती. आमाले परत द्या न!”

“घे न. पण मंग फुटाणे कायात देऊ? लोकाइच्या पदरात वतू? पाह्य, गिऱ्हाईक उभं हाये.” आणि तिचा हात पुन्हा पुस्तकाकडे वळला.

जमनीनं इकडेतिकडे पाहिलं. बाजाराच्या कडेला, ओढ्याच्या उतारावर, पळसाची झाडं हिरवीगार उभी होती. मे महिन्यात साऱ्या रानात हिरवं असं तेवढंच.

“पानात द्या, मावशी!” ती ओरडली. “पळसाच्या पानात! आमी द्रोण करून देतो. कागदापेक्षा चांगले! आत्ता आणतो!”

“आण मंग. पण लवकर आण हां. माहा धंदा थांबत नाही!”

तिघं धावत सुटली. देवसिंग माकडासारखा झाडावर चढला आणि पानांचा पाऊस पाडू लागला. शकू बाभळीचे बारीक काटे गोळा करायला लागली. जमनी उकिडवी बसली. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, लग्नाकार्यात तिच्याकडून शेकड्यांनी द्रोण लावून घेतले होते. तेव्हा ती किती कुरकुरली होती! आज तिची बोटं आपोआप चालत होती. पान घडी, काटा टोच. पान घडी, काटा टोच.

पहिले तीस द्रोण घेऊन देवसिंग पळाला, तो परत आलाच नाही. दुसरी खेप घेऊन मुली गेल्या तेव्हा काय पाहतात, तर देवसिंग बाजाराच्या वाटेत उभा राहून फुटाणे घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अडवत होता.

“काका, पान घ्या, कागद द्या! हिरवं पान! फुटाणे थंडगार राह्यते! कागदाची शाई पोटात गेली तं पोटात अक्षरं उगवते!”

लोक हसत होते आणि पुड्या त्याच्या हवाली करत होते. एका धिप्पाड पैलवानानं तर पुडी देताना स्वतः कागद नीट पुसून दिला.

ऊन उतरायला लागलं तोवर हंसाबाईसमोर द्रोणांची चळत उभी होती आणि मुलांच्या पुढ्यात पुस्तकांची. सतरा धड, सहा अर्धीमुर्धी, वर देवसिंगच्या पुड्या. जमनीनं त्यातून सोमाचं पुस्तक शोधलं. मुखपृष्ठ गेलेलं. पहिली पानं गेलेली. आणि वाघिणीनंतरचं नेमकं ते पानही गेलेलं! पुड्यांमध्येही नव्हतं.

पण शेवटचं पान शाबूत होतं. त्यावरची बारीक अक्षरं तिनं मोठ्यानं वाचली, ‘हत्तीगोट्याच्या गोष्टी. लिहिणार व छापणार, बापूजी ठोंबरे, शिक्षक, मोहाडा.’

“ठोंबरे मास्तर?” हंसाबाई म्हणाली. “आत्ता तं गेले न ते इथून फुटाणे घेऊन! दर बाजारी येते. डोळ्यानं दिसत नाही बिचाऱ्याइले. मारुतीच्या देवळामागं राह्यते.”

बापूजी ठोंबरे बाजेवर बसले होते. पांढरी दाढी, काळा चष्मा, खादीचा सदरा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. आवाज मात्र वर्गात घुमणाऱ्या मास्तरांचाच.

“कोण आहे?”

“गुरुजी, आमी मोहाड्याहून आलो,” जमनी म्हणाली. तिनं मळका कागद उघडला आणि सरळ वाचायलाच सुरुवात केली. “‘सोमा मोहाच्या पोकळ खोडात शिरला आणि त्याने श्वास रोखला...’”

म्हातारा ताठ झाला. त्याचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले. ‘काळाभोर दगड’ हे शब्द तर त्यानं तिच्या आधीच उच्चारले.

“पोरी,” तो म्हणाला, “हे माझं आहे. मोहाड्याच्या शाळेत होतो तेव्हा लिहिलेलं. तीस वर्षं झाली त्याला. पदरचं घालून छापलं होतं. पेटीसाठी पुस्तकं गोळा करत होते तेव्हा माझ्याजवळ राहिलेली एकुलती एक प्रत मी दिली. घरात ठेवून काय उपयोग? भगवानराव बाजारात भेटतात. दर वेळी सांगतात, ‘मास्तर, तुमच्या पुस्तकासाठी पोट्टे रांगा लावते!’” त्यानं हसून चेहरा मुलांकडे वळवला. “खरंच लावता? कोणती गोष्ट आवडते तुम्हाला?”

देवसिंग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. शकूनं जमनीला चिमटा काढला. त्याचा अर्थ होता, सांग काहीतरी गोड!

जमनीची नजर कोनाड्याकडे गेली. तिथे फुटाण्यांची एक पुडी होती. कागदावर एका कोपऱ्यात जांभळा शिक्का दिसत होता, आणि वरच्या ओळीत ‘हत्तीगोटा’ हा शब्द.

खोटं बोलणं किती सोपं होतं! एक वाक्य, आणि म्हातारा रात्री समाधानानं झोपला असता. पण तिच्याही नावावर कुणीतरी अशीच बारा पुस्तकं लिहिली होती.

“गुरुजी, रागावू नका,” ती म्हणाली. “कोणीच रांग लावली नाही. आमाले पेटीच माहीत नव्हती. पुस्तकं रद्दीत गेली. आमी ती आज बाजारातून आणली. आणि... आणि तुमच्या कोनाड्यातली पुडीही तुमच्याच पुस्तकाची आहे.”

बापूजींनी हात पुढे केला. देवसिंगनं पुडी त्यांच्या हातात ठेवली. ते कागदावरून बोटं फिरवत राहिले, जणू बोटांनी वाचता येईल.

“फुटाणे खाल्ले मी यातले,” ते हळूच म्हणाले. “कळलंही नाही.”

शकूच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी देवसिंगला राहवेना.

“पण गुरुजी, पुढं काय झालं?”

“कशाचं पुढं?”

“सोमाचं! ‘त्याने हळूच...’ पुढं काय? पाच दिवस झाले, मले नीट झोप नाही! पुडीत हाये का पाह्य न जमने!”

पुडीतल्या पानावर त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट होती. पण म्हातारा हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग चष्मा काढून डोळे पुसत.

“तीस वर्षं!” तो म्हणाला. “तीस वर्षं मी वाट पाहतोय, कुणीतरी मला हे विचारेल म्हणून! ‘पुढं काय झालं?’ अरे, लिहिणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नाही! पण गंमत अशी पोरांनो, की मला शब्द आठवत नाहीत. काठीचं काहीतरी होतं. ती गोष्ट मुळात माझी नव्हेच. तांड्यातल्या एका बाईनं मला सांगितली होती. धुरपताबाई तिचं नाव. असेल की नाही आता, देव जाणे.”

“धुरपतादादी?” जमनी ओरडलीच. “हाये न! माह्या बा ची मावशी! आमच्या शेजारीच राह्यते! दात गेले, पण आवाज असा हाये की बैल बिचकते!”

बापूजी उठले आणि भिंतीवरची काठी चाचपू लागले. “तुमच्या गाडीत एका म्हाताऱ्याला जागा आहे का रे?”

किसनसिंगनं गाडीत बापूजींना चढवलं तेव्हा त्यानं आधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “गुरुजी, दोनच महिने आलतो मी शाळेत,” तो म्हणाला. “पण सही तुमीच शिकवली.”

मोहाड्यात पोचेतो रात्र झाली, म्हणून बापूजी शकूच्या घरी, सरपंचांकडे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानराव पंचायतीत आले, तर ओसरीवर मुलांची लांबच लांब रांग. गावातली, तांड्यातली, झाडून सगळी! शकूनं दिवस उगवायच्या आत घरोघर जाऊन गोळा केलेली. बाकावर तिचे वडील, म्हणजे सरपंच, आणि त्यांच्या शेजारी काळ्या चष्म्यातले ठोंबरे मास्तर.

“काय आहे हे?” भगवानरावांनी घाम पुसला.

“काका, वाचनालयाची नोंदवही काढा न,” जमनी गोड आवाजात म्हणाली. “वाचलेली पुस्तकं परत कराले आलो.”

सरपंचांनी मान डोलावली. भगवानरावांना वही आणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पहिली जमनी पुढे झाली. तिनं फुटाण्याची एक पुडी टेबलावर ठेवली. “हे घ्या. बारातलं एक. फार आवडलं.”

मागून शकू. तिनं दोन पुड्या ठेवल्या. “सोळातली दोन. थोडं तेल लागलं आहे.”

मग देवसिंग. “मी वीस वाचली, काका! तुमच्याच वहीत हाये. मले एकाचंही नाव येत नाही. तेवढं तुमी सांगा!”

रांगेत हशा पिकला. एकामागून एक मुलगा येत होता, देवसिंगनं बाजारात जमवलेल्यांतली एकेक पुडी ठेवत होता. सरपंचांनी वही ओढून घेतली, पानं चाळली, मग टेबलावरच्या पुड्यांवरचे शिक्के पाहिले.

“भगवानराव, पेटी उघडा.”

पेटी उघडली. ओसरीभर पिकल्या आंब्यांचा घमघमाट सुटला.

भगवानराव लाल झाले होते. पण त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली ती सरपंचांची नव्हे. ते बापूजींसमोर जाऊन उभे राहिले. “मास्तर, तुमाले बरं वाटावं म्हणून बोलत होतो मी. एकदा बोललो, मग बोलतच गेलो. पुस्तक काय आहे ते मी उघडूनही पाह्यलं नाही.”

“मग आता पाहा,” बापूजी म्हणाले. “अजून उशीर झालेला नाही.”

सरपंचांचा निवाडा झटपट झाला. पेटी आजच शाळेच्या ओसरीवर जाईल. तिला कुलूप लागेल आणि किल्ली जमनीकडे राहील. फाटलेली पानं भगवानराव स्वतः खळ लावून चिकटवतील, सुट्टीभर. “आणि हे आंबे,” सरपंच म्हणाले, “पोरांनी आणलेल्या पुस्तकांच्या आनंदात आत्ताच वाटून टाका!”

त्या आंब्यांची चव मोहाड्यातल्या त्या पिढीला अजून आठवते.

“शाबास रे पोट्टेहो!” सरपंच म्हणाले. “आमी मोठे असून दोन वर्षं त्या पेटीत काय आहे ते विचारलं नाही. तुमी एका पुडीवरून शोधून काढलं!”

गलका चालू असतानाच काठी टेकत धुरपतादादी आली. हातभर बलोयांचा, म्हणजे हस्तिदंती बांगड्यांचा, खडखडाट, कपाळावर चांदीची सर, कंबर वाकलेली. बापूजींनी आवाजावरूनच ओळखलं आणि हात जोडले. दादीनं त्यांना न्याहाळलं.

“मास्तर, म्हातारा झाला तू!”

मग सगळे तिच्याभोवती बसले आणि जमनीनं ते पान वाचलं. मोहाचं खोड, काळा दगड, वाघीण, पिल्लं. दादी डोळे मिटून ऐकत होती. जमनी ‘त्याने हळूच’पाशी थांबली.

“आता आठवलं मला,” बापूजी म्हणाले. “त्याने हळूच काठी उचलली आणि वाघिणीवर फेकली!”

दादीनं खाडकन डोळे उघडले.

“काठी? पिल्लंवाल्या वाघिणीले काठी? खाऊन टाकलं असतं न तिनं! असं सांगतलतं का मी तुले?”

“मग काय झालं होतं?” वीस आवाज एकदम.

“काय होईन? हालली नाही मी! मुंग्या होत्या त्या खोडात. पायाले चावल्या, मानेले चावल्या. बलोया वाजतीन म्हणून हात असे छातीशी धरले. पिल्लू पार जवळ आलं, माह्या पायाचा वास घेतला. मी हालली नाही. दिवस कलला तवा आमच्या तांड्याचे बैल आले, घुंगरं वाजले. वाघिणीनं पिल्लं उचलली आन गेली. तवा कुठी मी रडली.”

सगळी मुलं बसल्या जागेवरून दादीजवळ सरकली.

“दादी,” जमनी हळूच म्हणाली, “तू होती ती?”

“मंग? दहा वर्साची होती मी! आन हा सोमा कोण? माह्या गोष्टीत हा पोट्टा कायले घातला, मास्तर?”

बापूजींनी मान खाली घातली.

“तेव्हा मला वाटलं होतं, पुस्तकातलं धाडस करायला मुलगाच लागतो. चुकलं माझं, धुरपताबाई. जमनी, अक्षर चांगलं आहे ना तुझं? हरवलेलं पान तू लिही. दादीनं सांगितलं तस्संच. माझी काठी नको.”

“आणि बाकीची पानं?” शकूनं विचारलं. “त्याच्यात तं सगळीकडं सोमाच आहे. शिरला, बसला, पळाला...”

बापूजींनी खिशातून शाईचं पेन काढलं आणि चाचपत जमनीच्या हातात दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात फळ्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांचं हसू होतं.

“सोपं आहे. काना तर छापलेलाच आहे. तू फक्त वेलांटी काढ.”

जमनी मांडी घालून बसली. पुस्तक पुढ्यात घेतलं. पहिल्या ‘सोमा’च्या शेवटच्या कान्यावर तिनं जपून एक वेलांटी काढली आणि ‘सोमी’ झाली. मग ‘शिरला’ची ‘शिरली’ झाली. ‘एकटा’ची ‘एकटी’.

“आन ‘त्याने’चं काय करशीन?” देवसिंग तिच्या खांद्यावरून डोकावत होता.

“ते खोडून लिही, ‘तिने’,” भगवानराव म्हणाले. खळीची वाटी घेऊन ते केव्हाचे मागे येऊन बसले होते.

धुरपतादादीला एक अक्षर येत नव्हतं. तरी ती जमनीच्या अगदी शेजारी सरकून, प्रत्येक वेलांटीवर बोट ठेवून विचारत होती, “ही मी का? आन ही?”

“हो दादी,” जमनी म्हणत होती, “हीपण तूच.”